मशीनला दिलेला आवाज

बीडला आमच्या सेंटरात सीटी स्कॅनचं मशीन आलं तेव्हा ते चालवायला मी होते. जिल्ह्यातलं ते पहिलं की दुसरं, यावर लोक अजून वाद घालतात. मी घालत नाही. ट्रकवरून त्याची लाकडी खोकी उतरत होती तेव्हा रस्त्यावर ही गर्दी जमली होती. त्या गर्दीतल्या एका माणसानं मला विचारलं, "बाई, हे चालवणारा कुठून यायचाय?" मी म्हटलं, "आलाय. मीच हाय." तो माणूस माझ्याकडं आणि मग खोक्यांकडं बघत राहिला. त्याचा तो चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं.

मी चौसाळ्याची. हमरस्त्याला लागून आमचं किराणा दुकान होतं. वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आम्ही लिंगायत, पिढ्यान् पिढ्या दुकानदारीतले. आमच्या घरातल्या मुली दहावी झाल्या की लग्नाच्या होत. मी बीडला सायन्सला गेले आणि तिथून औरंगाबादला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला, तो आप्पांनी सरकारी नोकरीच्या आशेनं करू दिला. पण मला नोकरी मिळाली ती खाजगी सेंटरात. आमचे डॉक्टर मूळचे बीडचेच. मुंबईला रेडिओलॉजी शिकून ते परत आले होते. तिथंच का राहिला नाहीत, असं कुणी विचारलं की म्हणत, "तिथं माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं."

त्या वर्षांत बाहेरच्या देशातला माल मोकळेपणानं यायला लागला होता. आप्पांच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, आणि आमच्याकडं परदेशातल्या कुठल्याशा दवाखान्यात निम्मं आयुष्य काढून आलेलं मशीन आलं होतं. त्याच्या एका बाजूला कुणालाच वाचता येत नव्हती अशा भाषेतली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ती आम्ही कधी काढली नाही.

नोकरी लागून काही महिने झाले आणि माझं जमत आलेलं एक स्थळ मोडलं. मुलाकडचे म्हणाले, पोरगी दिवसभर किरणांत असती, पुढं लेकरंबाळं व्हायची का न्हाई सांगता येत नाही. त्या संध्याकाळी आप्पांनी मला दुकानात बोलावलं.

"खरं हाय का, बाई?"

"न्हाई आप्पा. मी शिशाच्या काचेमागं असते. किरण किती लागले ते मोजायचा बिल्ला असतो छातीला."

"मग त्ये मशीन करतंय तरी काय?"

मी सांगितलं, साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं, मागचं, सगळं एकावर एक पडतं. या मशीनमध्ये किरणांची नळी माणसाभोवती गोल फिरते, सगळीकडून सावल्या घेते, आणि त्यातून काँप्युटर आडव्या चकत्या काढून दाखवतो. काकडीच्या चकत्या, पण काकडी न कापता.

आप्पांनी शेजारच्या गुळाच्या ढेपेवर हात ठेवला. "मंजी गुळाची ढेप न फोडताच आत ओल हाय का कळतंय."

"तसंच."

त्यांचं समाधान झालं असं नाही. पण नोकरी सोड असं ते म्हणाले नाहीत. पुढं कित्येक पेशंटांना मी काकडी सोडून गुळाच्या ढेपेचंच उदाहरण दिलं.

ते जुनं मशीन फार हळू चालायचं. एक चकती काढायची, टेबल जरासं पुढं सरकवायचं, नळी गार होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. डोक्याचं ठीक होतं, डोकं एका जागी राहतं. छातीचं आणि पोटाचं काम म्हणजे कसोटी. प्रत्येक चकतीला पेशंटनं श्वास धरायचा. त्यानं चुकून सोडला की चित्र फासटायचं, ओल्या शाईवरून हात फिरवल्यासारखं. त्यातून मधेच लाइट जायची. जनरेटर सुरू होऊन मशीन परत जागेवर यायला वेळ लागे, आणि तोवर पेशंट उठून चपला शोधत असे.

लोक त्याला शिटी म्हणायचे. "शिटी काढायला आलाव" असं सांगत दारात उभे राहायचे. बायकांना मंगळसूत्र काढायला सांगितलं की त्या मागं सरायच्या, म्हणून मी पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. ते गळ्यात घालायचं, मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात द्यायचं, मग आत. खोलीतल्या एसीनं म्हातारी माणसं कुडकुडायची, त्यांच्यासाठी घरून एक गोधडी आणून ठेवली होती. प्रत्येक चकतीला मी माइकवरून सांगत राहायची, दम धरा, सोडा, दम धरा, सोडा. दुपारपर्यंत घसा बसायचा.

एका दसऱ्यानंतर गेवराईकडून एक जोडपं त्यांच्या मुलीला घेऊन आलं. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारे. मुलगी साडेतीन-चार वर्षांची, डोळे मोठे, गाल बसलेले. उन्हाळ्यापासून तिचा खोकला हटत नव्हता. अधूनमधून ताप यायचा, औषध दिलं की जायचा, परत यायचा. टीबीची औषधंही देऊन झाली होती. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात धुरकट डाग दिसत होता, पण डाग कशाचा ते कळत नव्हतं.

एवढ्या लेकराला श्वास धर म्हणून कोण सांगणार. डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं, ती आईच्या मांडीवर झोपली, मग मी तिला टेबलवर निजवलं. पण झोपलेलं लेकरूही श्वास घेतच असतं, आणि आजारी लेकरू भरभर घेतं. आमचं मशीन आपल्या चालीनं चाललं. सगळ्या चकत्या फासटलेल्या आल्या. परत काढल्या, परत तेच.

डॉक्टर फिल्मा बघत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी त्या दोघांना आत बोलावलं. "यावरून मी काही सांगणार नाही. अंदाजानं सांगितलं तर चुकीचं औषध चालू राहील. दिवाळीनंतर आमच्याकडं नवं मशीन येतंय. ते लई चपळ आहे. तेव्हा हिला घेऊन या."

नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं. "तवर आमी कारखान्याला गेल्यालो असू, साहेब."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक जण मागं राहिला की कोयता मोडतो, मुकादम ऐकत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.  

बाईनं मुलीच्या अंगावरून पदर सारखा केला. "म्या न्हाई जात," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी भावाला संगं घ्या. मी हिला घिऊन मायकडं ऱ्हाते."

"मुकादम काय म्हनंल?"

"काय म्हनायचं त्ये म्हनू द्या त्याला."

 जाताना तिनं मला विचारलं, "नवं आलंय ते आमाला कसं कळंल?" तिच्या माहेरच्या गावात एसटीडी बूथ होता. त्याचा नंबर तिच्या नवऱ्याला पाठ होता. मी सांगितलं, "मी फोन करीन."

दिवाळी झाली आणि नवं मशीन आलं. हे कोरं करकरीत होतं. ते बसवायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. त्यानं मला मोसंबी सोलून समजावलं. साल न तोडता एका लांब पट्टीत गोल गोल काढली आणि म्हणाला, "मॅडम, आता चकती-थांबा, चकती-थांबा असं नाही. नळी फिरत राहणार, टेबल सरकत राहणार. अख्खी छाती एका श्वासात." डॉक्टरांनी नारळ फोडायला घेतला तेव्हा तो केबल भिजतील म्हणून घाबरला. मग नारळ दाराबाहेर फोडला.

मी मशीनपाशीच थांबून सगळं शिकले. पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा डबा टेबलवर ठेवून तपासण्या करायच्या, आकडे जुळवायचे, चुकले की पहिल्यापासून. चौथ्या-पाचव्या दिवशी इंजिनिअर खुर्चीतून उठला आणि मला म्हणाला, "आता तुम्हीच करा, मी बघतो." मी केलं. त्याला मधे बोलावं लागलं नाही.

या मशीनला स्वतःचा आवाजही होता. बटण दाबलं की आतून एक गोरी बाई इंग्रजीत श्वास घ्यायला सांगायची. पहिल्या दिवशी जो कुणी आत गेला त्यानं तिचं बोलणं ऐकून मान वर केली, इकडं तिकडं पाहिलं आणि बोलतंय कोण ते शोधायला लागला. मान वर केली की चित्र गेलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी इंजिनिअरला विचारलं, "यात दुसरा आवाज घालता येतो का?"

"येतो ना. कुणाचाही."

"मग यांचा घाला. असं पण दिवसभर याच बोलत असतात."

मी लाजले, पण आतून फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट तयारी करून आले. एसी बंद करून, सगळ्यांना बाहेर काढून, रेडिओवर बातम्या देतात तशा आवाजात मी बोलले, "कृपया दीर्घ श्वास घ्या. श्वास रोखून ठेवा. आता श्वास सोडा."

पहिली पेशंट नारायणगडाच्या बाजूची एक म्हातारी होती. बटण दाबलं. माझा आवाज आला. म्हातारी टेबलवर उठून बसली.

"काय म्हनली ती? कुनाला रोखायचंय?"

डॉक्टर हसून हसून बेजार झाले. "घरी आईशी बोलता तसं बोला की," ते म्हणाले. "ही पुस्तकातली बाई कशाला बोलावलीत?"

मग मी परत बोलले. या वेळी कुणाला बाहेर काढलं नाही. म्हातारी समोरच बसली होती, तिच्याकडं बघूनच बोलले. "मोठा दम घ्या. धरा. धरून ठिवा, हलू नगा." थोडं थांबून, "आता सोडा."

इंजिनिअरनं हेडफोन काढला. "मॅडम, 'ठिवा' असंच ठेवायचं?"

"असंच ठिवा," मी म्हटलं.

म्हातारीनं दम घेतला, धरला, हलली नाही, सोडला. सगळी छाती एका फेरीत आली, एकही रेघ फासटलेली नव्हती. त्या दिवसापासून तो आवाज मशीनमध्ये राहिला. दार उघडं असलं की तो बाहेर बाकड्यांपर्यंत ऐकू यायचा, आणि तिथं बसलेले नातेवाईकसुद्धा गाल फुगवून दम धरून बसायचे. मी काचेमागून ते बघायची.

त्याच आठवड्यात आप्पा आले. मिरचीची पोती खाली-वर करून करून त्यांना धाप लागायला लागली होती. चौसाळ्याच्या डॉक्टरांनी छातीचं स्कॅन करायला सांगितलं होतं. सेंटरात ते पहिल्यांदाच येत होते. धोतर-टोपीत, हातात पिशवी धरून बाकड्यावर आपला नंबर येईपर्यंत बसून राहिले. मी आधी घेते म्हटलं तर म्हणाले, "लोक थांबलेत की."

नंबर आला. सदरा काढला. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. धातू छातीवर असला की चित्रात चांदणीसारख्या रेघा उठतात आणि आजूबाजूचं काही दिसत नाही. आमच्या मदतनिसानं त्यांना ते काढून ठेवायला सांगितलं.

"ते निघत नसतंय," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पिशवी उचलली. "मेल्यावर सुदिक संगं जातंय. चाललो मी."

मी बाहेर आले. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लिंग अंगावेगळं करायचं नाही, बस. पण छातीच्या स्कॅनला हात असेही डोक्याच्या वर घ्यावे लागतात.

"आप्पा, काढायचं न्हाई. मुठीत धरा. दोरा डोक्यावरून मी काढते, तुमी मूठ सोडू नका. हात वर घेतले की ते छातीवर येत न्हाई. अंगालाच राहतंय."

त्यांनी विचार केला. मग डबी मुठीत घट्ट धरली, मी दोरा टोपीवरून अलगद वर घेतला आणि ते टेबलवर निजले, दोन्ही हात डोक्यामागं, मूठ आवळलेली. मी काचेमागं गेले आणि बटण दाबलं.

"मोठा दम घ्या. धरा."

आप्पांचे डोळे काचेकडं वळले. माझं तोंड मिटलेलं त्यांना दिसत होतं. पण सांगितलेलं त्यांनी सगळं केलं, हलले नाहीत. टेबल बाहेर आलं तसं त्यांनी पहिल्यांदा लिंग गळ्यात घातलं, मग विचारलं, "तू तर गप व्हतीस. बोललं कोन?"

"मीच. आधी बोलून ठेवलंय त्यात."

"सगळ्यास्नी असंच सांगतंय?"

"सगळ्यांना."

त्यांनी सदऱ्याची बटणं लावली. डॉक्टरांनी चित्रं बघून सांगितलं, मिरचीच्या खकाण्यानं श्वासाच्या नळ्या सुजल्यात, बाकी काही नाही, तोंडाला फडकं बांधून काम करा. आप्पांनी ते ऐकलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "आमच्या पोरीचा आवाज हाय तो." डॉक्टरांना ते माहीत असणारच हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही.

पुढं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हे सांगायचे, अशी बातमी आईनं दिली. शेंगदाण्याचं माप भरता भरता सांगायचे. नंतर माझ्यासाठी आलेल्या स्थळांनाही त्यांनी हेच आधी सांगितलं, आणि ज्यांना ते ऐकून भीती वाटली त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. माझं लग्न पुढं वर्षभरानं झालं. सासरी पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तूच का ती, दम धरा म्हणणारी?" त्यांचं स्कॅन मीच केलेलं होतं.

नवं मशीन सुरू झालं तेव्हाच ऊसतोडीवाल्या बाईला मी एसटीडी बूथवर फोन करून निरोप ठेवला होता. ती मुलीला घेऊन दुसऱ्याच दिवशी आली. मुलगी आणखी वाळली होती. यावेळीही गुंगीचं औषध दिलं. आई आत थांबते म्हणाली. पोटुशी नाहीस ना विचारून मी तिला शिशाचा जड एप्रन घातला आणि मुलीच्या डोक्याशी उभं केलं. आवाजाचं बटण दाबलं नाही. झोपलेल्या लेकराला काय सांगणार. सगळी मदार मशीनच्या वेगावर होती.

टेबल सरकलं, नळी फिरली, आणि मुलीची छाती दोन-चार वेळा वरखाली होते न होते तोच काम आटपलंसुद्धा. मी पडद्यावर चकत्या एकामागून एक पुढं नेत होते, डॉक्टर माझ्या खुर्चीमागं उभे होते. श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथून उजव्या फाट्यात शिरलो आणि मी थांबले. हवेच्या काळ्या वाटेत एक पांढुरका ठिपका आडवा बसला होता, कडा स्पष्ट. त्याच्या पलीकडचं फुप्फुस मिटून गेलेलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले, पण मी आधीच थांबले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे जुन्यावर कधीच दिसलं नसतं."

बाहेर येऊन त्यांनी आईला विचारलं, "हिच्या घशात काही अडकलंतं का? उन्हाळ्यात, खोकला सुरू व्हायच्या आधी?"

बाई आठवत राहिली. "खेळता खेळता ठसका लागल्ता एकदा. पोरं चिंचोके खेळायलेती. लई खोकली, काळीनिळी झाली. मंग झालं बरं." तिनं डॉक्टरांकडं पाहिलं. "त्येच हाय?"

"तेच असावं. औरंगाबादला जा, मी चिठ्ठी देतो. घशातून नळी घालून काढतील. कापायचं काम नाही."

त्याच संध्याकाळी ती एसटीत बसली. आठवडाभर आम्हाला काही कळलं नाही. मग औरंगाबादच्या डॉक्टरांचा फोन आला. निघाला तो अर्धा फुटलेला चिंचोकाच होता. डॉक्टरांनी फोन ठेवला, सेंटरमधल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं आणि चहा मागवला. मी चहा घेतला आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

कारखान्याकडं निघण्याआधी बाई आम्हाला भेटून गेली. मुलगी चालत आली होती. खोकला नव्हता, गालावर जरा रंग होता. ती सरळ फिल्म बघायच्या दिव्याच्या खोक्यापाशी जाऊन त्याच्या काचेवर हात फिरवायला लागली. मी दिवा लावला आणि आईला तिची फिल्म लावून दाखवली. ठिपक्यावर बोट ठेवलं.

बाई वाकून बघत राहिली. "हे हिच्या आत व्हतं, आन् तुमाला भाइरून दिसलं?"

"हो."

"तुमी कुठल्या, बाई?"

"चौसाळ्याची."

"मंजी आपल्याकडच्याच." ती उभी राहिली, मुलीला जवळ ओढलं आणि माझ्याकडं वळवलं. "बघ गं. ही बाई आपल्याकडची हाय."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि परत दिव्याकडं वळली. त्यांची कारखान्याची गाडी सुटायची होती. मी दोघींना गेटपर्यंत पोचवायला गेले.